खानदानाची चौकशी

कॅन्सरमुळे विठ्ठलरावांच्या मुलाचा, अंकुरचा अर्धा जबडा कापला. डॉक्टर म्हणाले, "तंबाखू-सुपारीचा खर्रा तर कारण आहेच. पण काहींच्या रक्तातच हा धोका जास्त असतो. बहिणीलाही तपासून घ्या."

विठ्ठलरावांनी हात जोडले. "साहेब, हे रक्ताचं कोणापाशी बोलू नका. पोरीची सोयरिक जुळवून राह्यलो."

रविवारी आर्णीचे पाहुणे निशिगंधाला पाहायला आले. पोहे हातात घ्यायच्या आधी मुलाच्या बापानं विचारलं, "तुमच्या पोराले कॅन्सर कायनं झाला? खानदानी त नाही ना?"

गालातला खर्रा जिभेनं बाजूला सारून विठ्ठलराव म्हणाले, "नाही जी. खर्र्यानंच झाला."

पाहुण्याचा जीव भांड्यात पडला.

 

"मंग काही टेन्शन नाही. खर्रा त आमचा पोट्टाबी खाते."