तळाशी घातलेलं नाव

भुईगावच्या इनासचं पत्र १९९८ साली आलं. मी उत्तर दिलं नाही. आम्ही दोघं टेबलावर फासे टाकून लढाई खेळायचो आणि त्यासाठी शिशाचे बोटभर सैनिक मी रंगवायचो. त्यानं विचारलं होतं, "रामनाथ, एवढ्याशा तोंडावर इतके जिवंत डोळे कसे रंगवतोस रे?"

डोळे माझी बायको कृष्णा रंगवायची, काजळाच्या काडीनं. "शी, आंधळ्यांना कसले मारता?" म्हणायची. सैनिकांच्या तळाशी नाव मात्र मी माझंच घातलं. ती गेल्यावर ते पत्र दिसलं की मला स्वतःची किळस यायची.

पत्र आल्यानंतर सहा वर्षांनी, आज उत्तर टपालपेटीत टाकलं.


"इनास, डोळे कृष्णाचे होते. सोबतचा सैनिक मी एकट्यानं रंगवलाय. त्याला मारू नकोस, तो आंधळा आहे."