पिंपांखालची माती

प्रणिताने तो पिवळा अर्ज तिसऱ्यांदा वाचला आणि हसली. सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या त्या वर्कशॉपमध्ये दोन महिन्यांत कोणी हसलं नव्हतं.

अर्ज पद्माकर नावाच्या फिटरचा, मार्च १९८३चा. शेडमागची सॉल्व्हंटची पिंपं गळतात, माती भिजते, माझा घसा जळतो, कृपया पिंपं हलवावीत. इंग्रजी मोडकं होतं, तारीख ठसठशीत.

तारखेलाच महत्त्व होतं. जागेचा भाडेपट्टा संपत आला होता आणि जमीन स्वच्छ करून परत द्यायची होती. खर्चाचा आकडा ऐकून मालक आधी ऑफिसात आणि मग फोनवरही सापडेनासे झाले. कंपनी बुडाली की चाळीस जणांचे इथे राहून काम करायचे पास जाणार होते, मॅनेजर असलेल्या प्रणिताचाही. उरली होती १९८३ची विमा पॉलिसी. हल्लीच्या पॉलिसीत प्रदूषण वगळलेलं असतं. तेव्हा ते वगळायचं कोणाला सुचलं नव्हतं. गळती त्या वर्षीची ठरली, तर आजची सफाई विमा कंपनीच्या माथी.

पॉलिसी प्रणिताने शोधली होती. अर्ज आणला शामकांतकाकांनी, तेव्हाच्या सुपरवायझरांनी. निवृत्त होऊन ते बिशानला मुलाकडे राहत होते.

"काका, खालचा भाग कुठे गेला?"

"वाळवी लागली गं."

"इतक्या सरळ रेषेत?"

"सिंगापूरची वाळवी. शिस्तीत खाते."

दुपारी विमा कंपनीचा तपासनीस आला. तारखेबद्दल त्याची तक्रार नव्हती. त्याला एकच जाणून घ्यायचं होतं : कंपनीला तेव्हा हे ठाऊक होतं का? ठाऊक असून गळू दिलं असेल तर तो अपघात नव्हे, आणि मग एक पैसाही नाही. पद्माकरला विचारता येईल का, असंही त्याने विचारलं. तो एकोणनव्वद साली घशाच्या कॅन्सरने गेल्याचं काकांनी सांगितलं.

"मग हा अर्ज कोणी वाचला होता?"

प्रणिताने पेन खाली ठेवलं. काचेपलीकडे माणसं डबे उघडत होती. काकांनी तिकडे पाहिलं.

"कोणीच नाही. तक्रारपेटीची किल्ली हरवली होती. पेटी मी निवृत्त होताना फोडली."

तपासनीसाने ते लिहून घेतलं आणि काकांची सही घेतली.

सहा आठवड्यांनी दावा मंजूर झाला. तेहतीस वर्षांनी पद्माकरचं म्हणणं ऐकलं गेलं, ते कोणी वाचलंच नव्हतं या कारणासाठी. तीन मीटर खोल माती काढायचं ठरलं. प्रणिताने पेढे वाटले. काकांनी एक खाल्ला.

परतताना एमआरटी मेट्रोच्या प्लॅटफॉर्मवर त्यांनी पाकिटातून कात्रीने कापलेली कागदाची पट्टी काढली. हातातून सोडावी असं वाटलं, पण इथे कागदाचा कपटा टाकला तरी दंड होतो. अक्षर तरुण होतं, वळणदार.

'पाहिले. उन्हात वाळेल. कारवाई नको. — शामकांत, सुपरवायझर.'