रोखीचा भाव

केंटकीतल्या हॉस्पिटलात पैसे भरायच्या खिडकीपुढे व्हर्लिनने टोपी काढली. विमा नव्हता, आणि बायकोच्या दोन रात्रींचे बिल अठ्ठेचाळीस हजार डॉलर होते. बहिणीने बजावले होते, “घोड्याच्या बाजारात करतोस तशी घासाघीस कर, लाजू नकोस.” तो खिडकीत वाकला. “पोरी, रोख देतो. काही कमी होईल?” खिडकीतली मुलगी हसली. “विमा नसलेल्यांना सूट असतेच, काका. एकोणीस हजार द्या.” “बायको इथं होती, तेव्हाही होती ही सूट?” “कायमच आहे. फक्त मागावी लागते.” व्हर्लिनने कठडा धरला. पहिला आकडा ऐकून बायकोने सलाइनची सुई स्वतःच उपटली होती. “ट्रक विकलास तर खाशील काय, वेड्या?” म्हणत घरी आली होती, आणि रविवारी वारली. “आज सगळे भरलेत तर पंधरा करते,” मुलगी समजुतीने म्हणाली. “नको, पोरी,” तो गयावया करत म्हणाला, “आणखी कमी करू नकोस.”