बरोबरच्या चिन्हापुढे

"हे पेपर वाचायचं. याला काय म्हणतोस?" ज्ञानदेवने विचारलं.

अय्युबने लॅपटॉपच्या पडद्यावरच्या चित्राकडे पाहिलं. शब्द त्याला माहीत होता. जिभेच्या अगदी मागे उभा होता. बाहेर आला तो भलताच.

"दाढी."

त्याची मान खाली गेली. मेंदूचा झटका येऊन चार महिने झाले होते. पाय परतला, उजवा हातही बऱ्यापैकी परतला. शब्द मात्र एकमेकांच्या जागी जाऊन बसले होते. दर वेळी पेपरला दाढी, फोटोंना लोणचं. दीड महिन्यापूर्वी खडकी बाजारातल्या औषधांच्या दुकानात त्याने गोळ्यांऐवजी इंजिन मागितलं. काउंटरवरचा माणूस शेजारच्याकडे बघून हसला. तेव्हापासून अय्युब घराबाहेरच्या कोणाशीही बोलला नव्हता. आजपर्यंत ज्ञानदेवशीसुद्धा नाही. ज्ञानदेव दर गुरुवारी वारज्याहून दोन बस बदलून यायचा, चहा प्यायचा, एकटाच बोलायचा आणि जायचा.

आज त्याने कपाटावरचा लॅपटॉप खाली काढला होता. त्यावरची लिनक्स ही संगणकप्रणाली दोघांनी निवृत्तीनंतर मिळूनच टाकलेली. झटक्यानंतर अय्युबने एकदा मेनू उघडला होता. पन्नास-साठ नावं, सगळी इंग्रजीत. त्या गर्दीत दोन मिनिटं भटकून त्याने झाकण लावलं ते लावलंच.

"दाढी," ज्ञानदेव पुटपुटला आणि त्याने तेच टाइप केलं.

रशीदा स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "भाऊजी, पेपर लिहा ना. यांना बरोबर शब्द शिकवायचेत. तुम्हीच असं चुकीचं लिहिलंत तर कसं व्हायचं?"

"शिकवायचं काम तुमचं, वहिनी. मी फाइल लिहितोय." ज्ञानदेवने लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. "हे बघा. प्रत्येक प्रोग्रॅमची अशी एक छोटी फाइल असते. मूळ फाइलला मी हात लावलेला नाही, तिची प्रत याच्या फोल्डरात ठेवलीय. या बरोबरच्या चिन्हापुढे, या दोन आडव्या रेघांपुढे, नाव असतं. ते आपण काहीही द्यावं. कामाची आज्ञा या खालच्या ओळीत आहे, ती होती तशीच आहे. दाढी दाबलं तरी उघडणार पेपरच."

"आणि उद्या ते अपडेट का काय आलं म्हणजे?"

"आलं तरी याची दाढी कोणी काढणार नाही."

रशीदाला हसू आलं. तिने पदर तोंडाला लावला. अय्युबने चमकून वर पाहिलं. ते हसू त्याच्यावर नव्हतं, एवढं त्याला कळलं. मग त्याच्या छातीतूनही काहीतरी खदखदत वर आलं. आपला हसण्याचा आवाज तो विसरूनच गेला होता.

"फोटो?" ज्ञानदेवने पुढची फाइल उघडली.

"लोणचं."

"गाणी?"

अय्युबने डोळे मिटून घेतले. "गाणी."

"हे जरा चुकीचं वाटतंय," ज्ञानदेव म्हणाला, "पण लिहितो."

मग त्याने बाकीची सगळी नावं प्रत्येकी एक ओळ टाकून लपवली. शेवटी एकच राहिलं. मुलगी, सुमय्या, नागपुरात नोकरीला होती. ती दर रविवारी व्हिडिओ कॉल करायची. तिचा आवाज आला की अय्युब उठून गॅलरीत जाऊन उभा राहायचा.

"आणि सुमय्याशी बोलायचं ते?"

खालून भंगारवाल्याची हाक आली आणि लांब गेली.

"पंचवीस," अय्युब म्हणाला.

ज्ञानदेवने चेहरा हलू दिला नाही. "अक्षरी लिहू की आकडी?"

अय्युबने हवेत बोटाने दोन काढला, मग पाच.

ज्ञानदेवने फाइल जतन केली, लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला आणि खुर्ची मागे घेतली. मेनूत चारच नावं होती. दाढी. लोणचं. गाणी. २५. अय्युबने ती दोनदा वाचली. चारही त्याला ओळखीची वाटली. त्याने बाण शेवटच्या नावावर नेला आणि दाबलं.

पडद्यावर सुमय्या आली. ऑफिसात होती, जेवणाची सुट्टी असावी. "बोल, अम्मी," ती म्हणाली आणि मग तिला समोर कोण आहे ते दिसलं.

"अब्बा?"

अय्युबने टेबलाची कड धरली. "जेवलीस?" हे नीट आलं. पुढचं घसरलं. "रुमाल... रुमाल आहे ना?"

सुमय्याने डोळे पुसले आणि डबा उचलून दाखवला. "आहे, अब्बा. आता उघडतेच. मेथी आणलीय."

अय्युब अकरा मिनिटं बोलला. निम्मे शब्द चुकले. सुमय्याने एकही दुरुस्त केला नाही, आणि त्याच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या रशीदानेही नाही.

ज्ञानदेव निघाला तेव्हा अय्युब त्याच्यामागोमाग दारापर्यंत गेला. आज त्याला एक शब्द तरी बरोबर हवा होता. तो थांबला, त्याने श्वास घेतला, ओठ जुळवले.

"कुलूप."

रशीदाने दाराच्या कडीकडे पाहिलं. अय्युबने नाही म्हणून मान हलवली. ज्ञानदेवच्या खांद्यावर हात ठेवून तो पुन्हा म्हणाला, सावकाश, एकेक अक्षर, "कुलूप."

ज्ञानदेव वाकून चपलेचा पट्टा नीट करत होता. त्याला त्यासाठी जरा जास्तच वेळ लागला.

"तीस वर्षं कारखान्यात तुझ्या डब्यातलं जेवलो," तो खाली बघतच म्हणाला. "मी तुला कधी कुलूप म्हणालो का?"