गोंदानं सांगितलं

दातांमागची तार तिसऱ्यांदा सुटली आणि ती चिकटवणाऱ्या जिवंत गोंदानं नेहमीप्रमाणे कारण स्क्रीनवर लिहिलं: मशेरी, आज सकाळी सहा वाजता.

खुर्चीत आडव्या झालेल्या गोडांबेबाईंनी डोळे मिटले. दातांची डॉक्टर रेवती त्यांचीच विद्यार्थिनी. मुख्याध्यापिका असताना बाईंनी भर पालकसभेत रेवतीच्या आईला, मशेरी लावते म्हणून, सगळ्यांदेखत नळावर चूळ भरायला लावली होती.

"कशानं सुटली हो?" बाहेरून बाईंच्या सुनेनं विचारलं.

रेवतीनं स्क्रीन बंद केला. "दात ओला राहिला होता. चूक माझीच."

मग तिनं दार लोटून घेतलं आणि पाण्याचा पेला पुढे केला.

"चूळ भरा, बाई."

बाईंना तो पेला हातात धरवेना.