एफपासून दुसरं बटण

सावली गावातल्या कॉम्प्युटर क्लासमधल्या कीबोर्डावरची अक्षरं पुसली होती. एफ आणि जे या बटणांवरचे उंचवटे तेवढे उरले होते. चंदाबाई आपल्या मुलींच्या सोबतीला येई, मागं बसून न पाहता मासेमारीचं जाळं विणत सगळं ऐके. आधी थोरल्या जयाच्या, आता धाकट्या डिंपलच्या वेळी सरांनी विचारलं, “बाई, तुमचाही परीक्षेचा फॉर्म भरू?” “पुढच्या बॅचले पाहू.” आज सराव परीक्षेत डिंपल पत्र टाईप करत असताना लाईन गेली. मॉनिटर काळा पडला. यूपीएसवर फक्त सीपीयू घरघरत होता. “माय, पत्र गेलं माहं!” डिंपल रडकुंडीला आली. “काऊन जाईन? सरक, सेव्ह करतो.” चंदाबाईनं एफ चाचपला, डावीकडचं दुसरं, एसचं बटण कंट्रोलसोबत दाबलं. मग सीपीयूही बंद पडला. लाईन आली तेव्हा पत्र शेवटच्या शब्दापर्यंत शाबूत होतं. सर हसले, “आता कोणत्या बॅचले पाहता, बाई?” “याच! भरा सर, माहा फारम.”