शेजारधर्म

मोटार रेसिंग क्लबच्या तिजोरीत नुसता खडखडाट होता. टायर घ्यायलाही पैसे उरले नाहीत, तेव्हा अध्यक्ष तात्या जड मनाने क्लबला कायमचं टाळं लावायला निघाले. पाहतात तर दारात गाड्यांच्या आवाजाने वर्षानुवर्षं कावलेले शेजारी उभे.

"तात्या, हवं तर आम्ही सगळे दरमहा वर्गणी देतो, पण त्या शर्यती बंद करा."

तात्यांनी टाळं हळूच खिशात सारलं, चेहरा जमेल तितका पाडला आणि शेजारधर्म म्हणून होकार दिला. तेव्हापासून क्लब एकही शर्यत न घेता झकास चाललाय.



आता कुणाची वर्गणी थकली, की तात्या विटांवर उभ्या केलेल्या बिनटायरच्या गाडीत जाऊन बसतात आणि नुसता ॲक्सिलरेटर दाबतात.